काळजी कुठवर, आजार कुठून

पातूरहून अकोला तीस-पस्तीस किलोमीटर. दिवसा एसटीत डुलकी काढेपर्यंत गाव येतं. रात्री दीड वाजता छातीत धडधड सुरू झालेल्या माणसाला मात्र तोच रस्ता संपता संपत नाही. हातपाय गार पडलेले, अंगाला दरदरून घाम, श्वास पुरत नाही, बोटांना मुंग्या, आणि मनात एकच: आता आपलं काही खरं नाही. घरचे कुणाची तरी गाडी काढतात, दवाखाना गाठतात. ईसीजी निघतो, रक्त तपासलं जातं, सगळं नॉर्मल येतं. ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ एवढं ऐकून मंडळी पहाटे परततात. सकाळी चार लोक विचारतात तेव्हा ‘गॅस छातीत चढला होता’ असं सांगून टाकणं सोयीचं पडतं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

हृदय ठणठणीत आहे हे कळलं, चांगलंच झालं. पण ‘काही नाही’ हे उत्तर चुकीचं आहे. काहीतरी झालं होतं, त्याला नाव आहे, आणि त्यावर उपाय आहे. दुसरीकडे, प्रत्येक काळजी करणाऱ्या माणसाला आजाराचं लेबल चिकटवण्याची घाईही अलीकडे वाढली आहे. मोबाइलवर दोन चित्रफिती पाहून पोरंपोरी ‘मला अँक्झायटी आहे’ म्हणतात, तेव्हा कित्येकदा उद्या पेपर असतो, एवढंच. नेहमीची काळजी कुठे संपते आणि चिंताविकार कुठून सुरू होतो, याची रेघ या दोन चुकांच्या मधून जाते. ती सरळ नाही. वऱ्हाडात तर ती फारच वाकडी जाते, कारण इथे काळजी करण्यासारखं खरोखरच भरपूर आहे.

आधी निरोगी काळजीचं बोलू. जून संपत आला, मृग कोरडा गेला, आर्द्राच्या भरवशावर सोयाबीन टाकलं आणि पावसानं दडी मारली. बियाण्याच्या थैल्या उधारीवर आणलेल्या. दुबार पेरणी करावी लागली तर पैसा कुठून आणायचा? असा शेतकरी रात्री अंगणात बाजेवर पडून आभाळ बघतो. झोप नाही, जेवण गोड लागत नाही, लेकरांवर विनाकारण खेकसतो. हा माणूस आजारी नाही. त्याचं मन जे करायला हवं तेच करतं आहे: संकट येऊ घातलंय, तयारीला लाग, असं बजावतं आहे. कुणाकडून उसने मिळतील, कोणतं कमी दिवसांचं बियाणं मिळेल, याचा हिशेब तो याच अस्वस्थतेच्या जोरावर मांडतो. अशा वेळी ज्याला काहीच वाटत नाही, त्याचीच जास्त काळजी करावी.

शरीरात काय होतं हेही समजून घ्यावं, कारण निम्मी भीती न समजण्यातून येते. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये भीती आणि राग यांचे शरीरावरचे परिणाम सांगणारं पुस्तक लिहिलं. ‘लढा किंवा पळा’ ही कल्पना तिथून रुजली. धोका जाणवला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून ॲड्रेनालिन सुटतं. हृदय जोरात चालतं, म्हणजे हातापायांच्या स्नायूंना रक्त मिळेल. घाम येतो, म्हणजे अंग तापणार नाही. पचन थांबतं, म्हणून पोटात गोळा येतो आणि तोंड कोरडं पडतं. श्वास भरभर होतो; धावायचं असेल तर ते ठीकच, पण माणूस जागेवर बसून भरभर श्वास घेऊ लागला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. ही लक्षणं खरी आहेत, मनाचे खेळ नव्हेत. वाघ समोर असता तर यातलं एकही वावगं वाटलं नसतं.

थोडी धास्ती कामाला मदत करते आणि फार धास्ती काम बिघडवते, ही गोष्ट यर्कीस आणि डॉडसन या दोघांनी १९०८ साली उंदरांवरच्या प्रयोगात पाहिली. सौम्य विजेचा झटका बसला की उंदीर लवकर शिकत. कठीण कामात झटका फार तीव्र केला की शिकणं उलट मंदावे. उंदरांवरून माणसांचे किती निष्कर्ष काढावेत याला मर्यादा आहे. पण दहावीच्या पेपरच्या आदल्या रात्री ज्याच्या पोटात फुलपाखरंही उडत नाहीत आणि ज्याला उलट्याच सुरू होतात, अशी दोन्ही पोरं ज्या मास्तरांनी पाहिली आहेत, त्यांना हा आलेख समजावून सांगावा लागत नाही.

आता रेघ ओढायची कुठे? पातूरच्या आसपास डोंगराला लागून असलेल्या शेतात रात्री जागल करावी लागते. रानडुक्कर आणि रोही एका रात्रीत पीक लोळवतात. चांगला जागल्या डुक्कर आलं की आरोळी ठोकतो आणि ते गेलं की बिडी पेटवून बसतो. पण वाऱ्यानं पऱ्हाटी हलली तरी जो सगळं गाव उठवतो, डुक्कर गेल्यावरही ओरडतच राहतो आणि शेवटी भीतीपोटी शेतातच जायचं बंद करतो, त्याच्या जागलीत बिघाड आहे. चिंताविकारात नेमकं हेच होतं. आवाज किती मोठा, यावरून तो ओळखता येत नाही. खऱ्या संकटात निरोगी माणूसही थरथर कापतो. पाहायचं ते असं: धोक्याच्या मानाने भीती फार मोठी आहे का, धोका टळल्यावर ती ओसरते का, ती कित्येक आठवडे-महिने चालू आहे का, आणि तिच्यामुळे आयुष्यातल्या कोणकोणत्या गोष्टी सुटल्या.

यातला शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काळजी करणाऱ्याला ‘किती काळजी वाटते’ असं विचारलं तर कुणी कमी सांगतो, कुणी वाढवून. ‘अलीकडे काय काय करायचं सोडलं?’ असं विचारलं तर हिशेब उघडा पडतो. बाजाराला जाणं सोडलं. एकट्यानं मोटारसायकल चालवणं सोडलं. लग्नाच्या पंगतीला बसणं सोडलं. बँकेत जाऊन साहेबाशी बोलणं सोडलं, मुलाला पाठवतो. काळजीनं माणसाचं वावर इंचाइंचानं दाबत आणलं असेल आणि त्याला वाटत असेल की आपण सावध राहतोय, तर ती काळजी आता त्याच्या कामाची उरलेली नाही.

वैद्यकाची पुस्तकं मुदत ठरवून देतात. अमेरिकी वर्गीकरणात सततच्या, आवाक्याबाहेर गेलेल्या चिंतेचा विकार ठरवायला निदान सहा महिने लागतात. जागतिक आरोग्य संघटनेचं ११ वं वर्गीकरण २०२२ पासून लागू झालं, त्यात ‘कित्येक महिने’ असा सैल शब्द आहे आणि तो अधिक शहाणपणाचा आहे. पाच महिने एकोणतीस दिवस माणूस निरोगी होता आणि दुसऱ्या दिवशी रोगी झाला, असं कुठल्याही डॉक्टरला वाटत नाही. मुदत यासाठी असते की पेरणीची, परीक्षेची, मुलीच्या लग्नाची काळजी तिच्या कारणाबरोबर संपायला वेळ मिळावा.

हे विकार एकाच तोंडवळ्याचे नाहीत. फ्रॉइडनं १८९५ मध्ये चिंतेच्या विकाराला वेगळं नाव दिलं, पण पुढे ऐंशीहून अधिक वर्षं सगळं एकाच टोपलीत होतं. अमेरिकेत डोनाल्ड क्लाइन या मनोविकारतज्ज्ञाच्या लक्षात आलं की इमिप्रामिन या औषधानं काही रुग्णांचे अचानक येणारे भीतीचे झटके थांबतात, पण पुढचा झटका येईल ही धास्ती मात्र तशीच राहते. दोन गोष्टी वेगळ्या असाव्यात, हा तर्क तिथून निघाला आणि १९८० च्या अमेरिकी वर्गीकरणात भीतीच्या झटक्यांचा विकार आणि सततच्या चिंतेचा विकार असे दोन कप्पे पडले. एखाद्या औषधानं काय बरं होतं आणि काय नाही, यावरून आजाराची वाटणी झाली, ही वैद्यकाच्या इतिहासातली मजेशीर गोष्ट आहे.

सततच्या चिंतेचा विकार ओळखायला अवघड, कारण अशी माणसं घराला फार उपयोगी असतात. दार लावलं का, गॅस बंद केला का, मुलगा अजून फोन का उचलत नाही, तुरीवर अळी पडली असेल का, जावयाची नोकरी टिकेल का. एक काळजी मिटली की तिच्या जागी दुसरी हजर. ‘लय इचार करते थे,’ असं घरातले कौतुकानं किंवा वैतागून म्हणतात. मान-पाठ आखडलेली, डोकं जड, झोप तुटक, पोट बिघडलेलं. अशी बाई वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या खाते. पित्तासाठी दहा वेळा दवाखान्यात जाऊनही काळजीचा विषय ती किंवा डॉक्टर, दोघांपैकी कुणीच काढत नाही.

भीतीच्या झटक्यांचं वेगळं. सुरुवातीला सांगितला तो प्रकार हाच. झटका काही मिनिटांत टोकाला पोचतो आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरू लागतो, म्हणूनच अकोल्याला पोचेपर्यंत निम्मं बरं वाटलेलं असतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये याची साखळी मांडली: जिना चढताना धडधडलं, माणसानं त्याचा अर्थ ‘हार्ट अटॅक’ असा लावला, त्यानं भीती वाढली, भीतीनं धडधड आणखी वाढली, आणि त्यामुळे अर्थ पक्का झाला. एखाददुसरा झटका अनेकांना आयुष्यात येऊन जातो. तेवढ्यानं विकार ठरत नाही. पुढचा झटका कधी येईल याच्या भीतीत महिना-महिना जाऊ लागला, त्यासाठी वागणं बदललं, की ठरतो. मग वाशीमकडे जाताना पातूरचा घाट नको, कारण मध्येच काही झालं तर दवाखाना कुठे? मग एसटी नको. मग गर्दीची जत्रा नको. मग बरोबर कुणी असल्याशिवाय उंबरठाच नको. नाडीचे ठोके मोजत बसलेला असा माणूस गावोगाव आहे, आणि त्याच्याकडे ईसीजीच्या कागदांची जाडजूड फाइल असते.

लोकांसमोरची भीती हा प्रकार आपण स्वभाव म्हणून सोडून देतो. पोरगी हुशार आहे पण वर्गात तोंड उघडत नाही, मुलाखतीचं पत्र आलं की ताप येतो, ग्रामसभेत बोलायची पाळी आली की माणूस घरामागून निघून जातो. लाजाळूपण आणि हा विकार यांत फरक एवढाच की लाजरा माणूस अवघडतो आणि करून मोकळा होतो. दुसरा ते टाळण्यासाठी नोकरी, शिक्षण, लग्नसुद्धा सोडून देतो. हा विकार बहुधा किशोरवयातच सुरू होतो, पण त्यासाठी कुणी उपचार घ्यायला येतं ते फार उशिरा. विशिष्ट भीतींविषयी फार लिहीत नाही. फक्त एवढं की कापसात काम करणाऱ्या बाईला सापाची भीती असणं हा शहाणपणा आहे, फोबिया नाही. भीतीला आजार म्हणण्याआधी माणूस कुठे राहतो ते विचारावं.

ज्याला चिंता समजलं जातं पण जे चिंता नसतं, असंही बरंच काही आहे. थायरॉइड वाढलेल्या माणसाला धडधड, घाम, थरथर, वजन उतरणं सगळं होतं. रक्त कमी असलेल्या बाईला पाण्याची कळशी उचलली तरी धाप लागते, आणि आपल्याकडे अशा बायका कमी नाहीत. मधुमेहाच्या गोळीनंतर जेवण चुकलं तर साखर उतरून असंच थरथरायला होतं. रोज पिणाऱ्याची सकाळची थरथर आणि घाबरणं हा दारू उतरल्याचा परिणाम असतो. त्यावर आणखी एक घोट घेतला की थांबतं, म्हणून त्याला वाटतं दारूच औषध आहे. वऱ्हाडात आणखी दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली, उन्हाळा. २०२४ च्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेल्यावर अकोल्यात जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. अशा दिवसांत ‘जीव घाबरते’ म्हणणाऱ्या मजुराला आधी सावलीत न्यावं, पाणी द्यावं, दवाखाना गाठावा. मनाची चौकशी नंतर. दुसरी, फवारणी. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. ऑर्गनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकानं घाम, लाळ, थरथर, बेचैनी होते. पंप खाली ठेवून तासाभरात कुणी घाबराघुबरा झाला, तर ‘त्याचा स्वभावच भित्रा’ असं म्हणणारा माणूस त्याचा जीव घेऊ शकतो.

आता कारणांकडे. चिंताविकार काही प्रमाणात घराण्यात चालतो, लहानपणीची मारहाण किंवा आईबापांचं अकाली जाणं त्याला खतपाणी घालतं, आणि पैशाची ओढाताण त्याला जागं ठेवते. यांतलं कुठलंही एक कारण पुरेसं नसतं. पण अकोला आणि अमरावतीत बोलताना ही गोष्ट वेगळ्या वळणावर जाते. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा. २०१५ मध्ये राज्य सरकारनं शेतकऱ्यांसाठी समुपदेशनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला, तेव्हा विदर्भातले तेच सहा जिल्हे आणि मराठवाड्यातले आठ निवडले. नऊ वर्षांत एकाच नकाशावर आधी कर्जाचा आणि मग मनाचा इलाज आला.

यावर वऱ्हाडात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, कापसाला भाव द्या, पोरगा आपोआप झोपेल; समुपदेशकाचं काम काय? दुसरा म्हणतो, सारख्याच कर्जाखाली दहा जण आहेत, त्यांतला एकच खचतो, म्हणजे दोष मनात आहे. पहिल्याचं म्हणणं मला जवळचं वाटतं आणि तरीही अपुरं वाटतं. चिंतेला कारण असणं हा आजार नसल्याचा पुरावा नाही. ज्याच्या पायावरून बैलगाडी गेली त्याच्या दुखण्याचं कारण सगळ्यांना दिसतं, म्हणून कुणी ‘कारण आहे, प्लास्टर कशाला’ म्हणत नाही. आणि आजार असणं हा कारण नसल्याचा पुरावाही नाही. सरकारला दुसरी चूक सोयीची असते, घराला पहिली. ‘त्याला टेन्शनच तेवढं आहे’ या एका वाक्याखाली घरोघरी दोन-दोन वर्षांचे चिंताविकार झाकलेले असतात.

या वादात उपयोगी पडेल असं काम खुद्द अमरावती जिल्ह्यात झालं. ‘विश्राम’ नावाचा उपक्रम ३० गावांत राबवला गेला. गावातल्याच लोकांना प्रशिक्षण देऊन घरोघरी मनाच्या आरोग्यावर बोलणं, साधं समुपदेशन, आणि गरज असेल त्याला मनोविकारतज्ज्ञापर्यंत पोचवणं, असं त्याचं स्वरूप. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकायट्री’त मांडले. नैराश्य असलेल्यांपैकी आधी अवघे ४.३ टक्के लोक कुठल्याही मदतीपर्यंत पोचत होते. दीड वर्षात ते प्रमाण २७.२ टक्के झालं. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. तुलना आधीच्या आणि नंतरच्या पाहणीची होती, तेव्हा सगळं श्रेय उपक्रमाला देता येणार नाही, आणि मोजणी नैराश्याची होती, चिंताविकाराची नव्हे. पण ही दोन दुखणी फार वेळा एकाच माणसात सापडतात. त्या दीड वर्षात कापसाचं अर्थकारण पालटलं नव्हतं; लोकांशी बोलणारं माणूस गावात मिळालं होतं.

चिंताविकारासकट झालेलं काम गोव्यातलं आहे. ‘संगाथ’ संस्थेनं विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली ‘मानस’ हा प्रयोग केला आणि २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला. १२ सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि १२ खासगी डॉक्टर. नैराश्य व चिंतेच्या रुग्णांसाठी तिथे समुपदेशक नेमले, ते डॉक्टर नव्हते की मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, फक्त प्रशिक्षित होते. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले. नेहमीचे उपचार मिळालेल्या केंद्रांत ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक पडला नाही. पातूर तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला मनोविकारतज्ज्ञ कधी मिळेल याची वाट बघत बसण्यापेक्षा हा आकडा आधी वाचावा.

देशाचे आकडे मोठे आहेत. २०१७ साली भारतात सुमारे साडेचार कोटी लोकांना चिंताविकार होता, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. नैराश्याचा आकडा जवळपास तेवढाच. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय पाहणी केली, तीत नैराश्य-चिंता यांसारख्या नेहमी आढळणाऱ्या विकारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचत नसल्याचं दिसलं. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. एवढी वर्षं आत्महत्यांवर चर्चा करणारं राज्य त्या पाहणीबाहेर राहिलं, हे मला अजूनही पटत नाही.

बायकांचं वेगळं लिहायला हवं. जगभर चिंताविकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत जवळपास दुप्पट आढळतो. इथे त्याला आणखी रंग चढतात. मायक्रोफायनान्सच्या गटाचा हप्ता आठवड्याला भरायचा असतो, एकीनं चुकवला तर बाकीच्यांच्या शिव्या खायच्या. नवऱ्याच्या नावावर कर्ज, पण दारात आलेल्या माणसाला उत्तर द्यायला पुढे बाई. तिला ‘मले चिंता वाटते’ असं म्हणायची सोय नाही. ती म्हणते, अंग दुखते, चक्कर येते, बीपी लो झाला. बाळंतपणानंतरची बेचैनी तर दृष्ट लागल्याच्या खात्यात जमा होते. काहींच्या अंगात येतं, आणि तेवढा वेळ तरी सासू-नवरा तिचं ऐकून घेतात. पातूरच्या टेकडीवरच्या रेणुकामातेला किंवा एखाद्या दर्ग्याला जाऊन कुणाला हलकं वाटत असेल तर त्यात माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती गोळ्या बंद कर म्हणणाऱ्या भगताबद्दल. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा गुन्हा आहे.

पोरांचं थोडक्यात. अकोल्यातल्या क्लासेसच्या गल्ल्यांत पातूर, बाळापूर, वाशीम, बुलढाण्याकडची मुलं खोल्या करून राहतात. एका वर्षाच्या फीसाठी बापानं तूर विकलेली असते, आणि मुलाला ते माहीत असतं. इथेही मोजमाप तेच: परीक्षा झाल्यावर पोरगा मित्रांत परतला तर ती परीक्षेची काळजी होती. परतलाच नाही, मेसवर जेवायला जाणंही सोडलं, तर निकालाची वाट न पाहता दाखवावं.

दाखवायचं कुणाला आणि तिथे होतं काय? अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’चा १४४१६ हा फुकट क्रमांक आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. डॉक्टर आधी शरीर तपासतील. मग बहुधा सात प्रश्नांचा एक छोटा कागद पुढे येईल. २००६ मध्ये तयार झालेल्या ‘जीएडी-७’ या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, गुण शून्य ते २१. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले तर नीट चौकशी करावी, एवढाच त्याचा अर्थ. तो कागद निदान करत नाही. मोबाइलवर स्वतःच भरून स्वतःलाच रोगी ठरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

बोलण्याच्या उपचारांत सगळ्यात जास्त पुरावा विचार आणि वर्तन बदलणाऱ्या पद्धतीला आहे. तिचा गाभा असा: ज्याची भीती वाटते ते टाळल्यानं भीती जगते, हळूहळू सामोरं गेल्यानं मरते. दक्षिण आफ्रिकेचे जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये पायरीपायरीनं भीतीला सामोरं जाण्याची पद्धत मांडली. घाटाची भीती असेल तर आधी स्टँडवर उभ्या एसटीत बसायचं, मग बरोबर कुणी घेऊन घाट सुरू होईपर्यंत, मग घाट ओलांडून, मग एकट्यानं. झटका येऊ द्यायचा आणि तो आपोआप ओसरतो हे अंगानं शिकायचं. ‘घाबरू नको’ म्हणून कुणाची भीती गेल्याचं ऐकिवात नाही.

औषधांबद्दल गावात दोन टोकाचे समज आहेत: मनाच्या गोळ्या म्हणजे वेड्याच्या गोळ्या, किंवा मनाची गोळी म्हणजे झोपेची गोळी. चिंताविकारावर आज प्रामुख्यानं एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन अशी औषधं देतात. त्यांची सवय लागत नाही, पण परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे जातात, आणि पहिल्या आठवड्यात बेचैनी किंचित वाढूही शकते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस चौथ्या दिवशी गोळी फेकून देतो. उलट अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम अर्ध्या तासात शांत करतात, म्हणून ती आवडतात, आणि सवय लागते तीही त्यांचीच. ती चिठ्ठीशिवाय विकायची नसतात. एकदा लिहून दिलेली चिठ्ठी घडी घालून पाकिटात ठेवून तीन-तीन वर्षं वापरणारे लोक आहेत. ही औषधं एकदम बंद केल्यानं आकडीही येऊ शकते, म्हणून सोडायची तर डॉक्टरच्या सल्ल्यानं, थोडी थोडी कमी करत. आयुर्वेदात चिंता, भय, उद्वेग यांची नोंद चरकसंहितेपासून आहे, आणि पातूरला आयुर्वेद महाविद्यालय असल्यानं तिकडे वळणारेही पुष्कळ. माझं म्हणणं इतकंच की दोन्हीकडची औषधं चालू असतील तर दोन्ही डॉक्टरांना ते सांगावं. चहा दिवसातून आठ कप पिणाऱ्यानं मात्र कुठल्याही पद्धतीची गोळी घेण्याआधी चार कप कमी करून पाहावं.

बरं वाटू लागल्यावरही एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिनसारख्या गोळ्या निदान सहा महिने ते वर्षभर चालू ठेवायच्या असतात. वर्षभर म्हणजे वऱ्हाडात एक खरीप आणि एक रब्बी. खरी गळती इथे होते: कापूस वेचायला आला की अकोल्याची फेरी चुकते, हातातली गोळ्यांची पाकिटं संपतात, आणि बंद केल्यावर पहिले काही आठवडे बरंच वाटत असल्यानं कुणाला काही चुकलं असं वाटत नाही. म्हणून गोळी सुरू करतानाच डॉक्टरला शेतीचं वेळापत्रक सांगावं, वेचणीच्या दिवसांसाठी जास्त दिवसांच्या गोळ्या मागून घ्याव्यात, आणि बंद करायचा निर्णय पेरणीच्या तोंडावर न घेता तूर घरात आल्यावर, तिचे पैसे हातात पडल्यावर घ्यावा.